काचेवर न उठलेला तोताराम

चोपड्याच्या बाजारात केळी विकणारी शेवंताबाई ऐन मे महिन्यातही लुगड्यावरून लांब बाह्यांचा गड्याचा शर्ट घालायची. लोक म्हणत, बाई उन्हाला जपते. कसलं ऊन! तिच्या उजव्या हातावर ‘तोताराम’ असं गोंदलेलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच यात्रेत नवऱ्याने हौसेने तिच्या हातावर आपलं नाव गोंदवलं आणि पुढे दुसरी बाई आणून हिला घराबाहेर काढलं. मेल्याने भांडीकुंडी ठेवून घेतली, नाव तेवढं हिच्या अंगावर राहू दिलं. त्या लाजेपायी बाईने पुन्हा कधी फोटो काढला नाही.

समोरच्या फोटोवाल्या नासीरचा धंदा मोबाइलने बसवला, तसं त्याला जुन्या काळच्या काचेवरच्या फोटोंचं वेड लागलं. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची आणि ओली आहे तोवरच फोटो घ्यायचा. “मावशी, एकदा बसा. फोटो दुकानाच्या दर्शनी भागात लावतो,” म्हणत तो हात धुऊन मागे लागला. शेवटी बाई बसली, पण शर्टासकट.

मान हलू नये म्हणून त्याने तिला उजवा हात गालाला टेकवायला सांगितला. “मी कॅमेऱ्याचं झाकण काढून परत लावेपर्यंत अजिबात हलायचं नाही.”

झाकण निघालं आणि बाही घसरली ती थेट कोपरापर्यंत. हलावं तर नासीरच्या मेहनतीची माती, न हलावं तर तोताराम भर बाजारात टांगलेला. ती हलली नाही. डोळे मात्र भरून आले.

नासीर काच धुऊन बाहेर आला तो पडेल चेहऱ्याने. “माफ करा मावशी. चेहरा झकास आला, पण गोंदण उठलंच नाही. निळा रंग या काचेवर दिसत नाही. दुसरी काढू का?”

शेवंताबाईने काच उजेडात धरली. सुरकुत्या होत्या, नाकातली मोरणी होती, आणि हात कोरा होता.

“नको भाऊ, हाईच लाव,” ती म्हणाली. किती वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता आला. “तुना काचले जे दिसत नही, ते मीच काबरं देखत बसू?”

आपल्या हातगाडीपाशी येऊन तिने दोन्ही बाह्या वर दुमडल्या. गिऱ्हाइकाची नजर हातावर गेली. “तोताराम कोण, अक्का?”

“व्हता एक,” म्हणत तिने केळीची फणी पुढे केली.