धार तुटेपर्यंत

वाहू शकणारी एकही वस्तू माझ्या थोरल्या साडूंच्या हातून मोजल्यावाचून सुटलेली नाही, हे मी शपथेवर सांगू शकतो. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. रंगाच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी नोकरी केली ती तळाला भोक असलेल्या एका छोट्या पेल्यावर. भोकावर बोट धरायचं, पेला काठोकाठ भरायचा, बोट काढायचं आणि धार तुटेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. रंग जितका दाट तितके सेकंद जास्त. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात. यांनी साहेबांकडून तो जुना पेलाच मागून घेतला आणि कर्वेनगरच्या स्वयंपाकघरात नोकरी पुढे चालू ठेवली.

कोणत्याही पदार्थाला त्यांनी ‘छान’ म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. ते आकडा सांगत. आमच्या घरची कढी चौदा, त्यांच्या शेजाऱ्यांचं वरण अकरा, म्हणजे जवळजवळ नळाचं पाणी. हे त्यांनी शेजाऱ्यांनाही सांगितलं होतं. एकदा कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये त्यांनी खिशातून पेला काढून त्यात चहा ओतला. मालक शांतपणे म्हणाला, “इथे चहा प्यायला येतात. मोजायचं असेल तर नदीवर जा.” हा टोमणा आहे हे साडूंच्या गावीही नव्हतं. नदीचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, तेव्हा सूचना विचार करण्याजोगी आहे, असं ते मला घरी पोचेपर्यंत सांगत होते.

मध एवढा दाट का आणि पाणी एवढं पातळ का, हे तर त्यांनी मला निदान पन्नासदा समजावलं असेल. पाण्याचे कण एकमेकांचा हात धरतात आणि लगेच सोडतात. साखरेच्या कणांना हात पुष्कळ, म्हणून मधात सगळे एकमेकांना धरून बसतात. तेलाचे कण लांबलचक, ते शेवयांसारखे गुंततात. तापवलं की सगळ्यांची चुळबुळ वाढते आणि पकड सैल होते. सांगताना ते दोन्ही हातांची बोटं गुंतवत आणि सोडवत. माझं लक्ष त्या बोटांकडेच असे, कारण मला त्यांची नक्कल बसवायची होती. नकला हा माझा एकुलता एक गुण, आणि त्याचं कौतुक ऐकायची मला चटक लागली होती.

पुढे सासूबाईंना अर्धांगाचा झटका आला आणि त्या थोरल्या लेकीकडे राहायला आल्या. साधं पाणी पितानाही ठसका लागायचा. पातळ काही देऊ नका, श्वासनलिकेत जाईल, सगळं दाट करून द्या, असं डॉक्टरांनी बजावलं. दाट म्हणजे किती, हे कुणालाच ठरवता येईना. मग साडूंनी पेला काढला. आरारूट कमीजास्त घालून कोणती पेज ठसक्याविना उतरते ते आठवडाभर टिपलं आणि आकडा ठरवला: तीस. “पाणी घशाला तयारीला वेळच देत नाही,” ते मला म्हणाले, “तो आपण द्यायचा.” त्यानंतर पाणी, चहा, ताक, काहीही तीस भरल्याशिवाय सासूबाईंच्या ओठांना लागत नसे.

त्या वर्षी अधिक महिना आला, आणि जावयांना जेवू घालून वाण द्यायचंच असा सासूबाईंनी हट्ट धरला. जेवण अर्थातच साडूंच्या घरी, त्यामुळे ते एकाच वेळी जावई आणि यजमान. शेवटी मठ्ठा आला. सासूबाईंच्या वाट्याचा मठ्ठा साडू मोजायला बसले. सव्वीस आला. पुन्हा आरारूट, पुन्हा मोजणी. पंधरा माणसं खोळंबली आणि मला राहवलं नाही. मी वाटीच्या तळाला बोट लावलं, डोळे बारीक केले आणि त्यांच्याच आवाजात सेकंद मोजत जाहीर केलं, की आमच्या सासूबाईंचा राग सत्तावन्न. हशा पिकला. सासूबाईही हसल्या. साडू हसले, पण जरा उशिरा. तुमचं आटपू द्या, मग मोजतो, असं म्हणून पेला पुसत ते आत गेले. मंडळीही हसत हसत हात धुवायला उठली.

हसून हसून सासूबाईंच्या घशाला कोरड पडली होती. त्यांनी खुणेनेच प्यायला मागितलं. मी माझ्या यशात तरंगत होतो. सरळ तांब्यातला मठ्ठा भांड्यात ओतला आणि म्हणालो, “घ्या आई, आज सणाचं. घोटभराने काय होतंय?” त्यांनी एकदा स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. पण अधिकातल्या जावयाच्या हातचं नको कसं म्हणायचं? त्यांनी भांडं तोंडाला लावलं.

ठसका थांबेना. मी भांडं काढून घेतलं. ओठ निळे पडले. साडू धावत आले, त्यांना पुढे वाकवून पाठ थोपटू लागले, आणि तेव्हा माझ्या हातातलं भांडं त्यांनी पाहिलं. त्यांनी पाहिलं हे मीही पाहिलं. दवाखान्यात डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, पातळ कुणी दिलं? साडू म्हणाले, “माझी मोजण्यात चूक झाली.”

मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो. नातेवाईक त्यांना बोल लावत होते, पेल्याचा खेळ कसा अंगाशी आला ते ऐकवत होते, तरी गप्प राहिलो. मला लाज वाटत होती, पण तिने माझं तोंड काही उघडलं नाही. सासूबाई बऱ्या झाल्या, दोन वर्षं जगल्या. त्यांनी कधी विषय काढला नाही. साडूंनी त्यांच्यासाठी शेवटपर्यंत मोजलं, पण स्वयंपाकघराचं दार लावून.

माझ्यासमोर मात्र त्यांनी पुन्हा पेला काढलेला नाही. दिलेलं निमूट जेवतात, चारचौघांसारखे. परवा ते आमच्याकडे येणार होते, म्हणून मी मुद्दाम कढीत पाणी ओतलं. जुन्या स्टीलच्या पेल्याला खिळ्याने भोक पाडून ती मोजलीसुद्धा, अकरा भरली. पानावर बसल्यावर त्यांनी वाटी तोंडाला लावली. कढी कशी झालीय, मी विचारलं. आकडा सांगितला असता, तर मी त्याच क्षणी सगळ्यांसमोर सगळं कबूल करणार होतो.

त्यांनी वाटी खाली ठेवली, माझ्याकडे न पाहता मिशी पुसली आणि म्हणाले, “छान झालीय.”