तेरा गुणिले तेरा, एक्क्याऐंशी

“पुस ते.”

सर दारातूनच बोलले. हातात चहाचा कप. बेळगावात एमएस्सीच्या वर्गात माझा पहिला सेमिनार चालू होता आणि सर तो अर्धा झाल्यावर आले होते. फळ्यावर मी लिहिलं होतं: तेरा गुणिले तेरा, एक्क्याऐंशी.

“प्रवेश सवलतीत मिळाला, म्हणून गणितही सवलतीत का गं?”

वर्ग हसला. खो खो हसला.

नियम माझे आधीच सांगून झाले होते. संख्या द्विमान पद्धतीत, फक्त शून्य आणि एक वापरून लिहायची. नेहमीसारखा गुणाकार मांडायचा. पण बेरीज करताना हातचा घ्यायचा नाही. एक आणि एक, शून्य. बस्स. तेरा म्हणजे ११०१, त्याचा असा गुणाकार १०१०००१, म्हणजे एक्क्याऐंशी. या रीतीनं एखाद्या संख्येला त्याच संख्येनं गुणलं की कधीकधी आपला नेहमीचा पूर्ण वर्ग हाती लागतो. एक, चार, सोळा, चौसष्ट हे सहज येतात. पुढे एक्क्याऐंशी येईल असं मला वाटलं नव्हतं. खासबागेतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत तो पहिल्यांदा निघाला, तेव्हा मी एकटीनंच टाळी वाजवली होती. नवाचा वर्ग! आला कुठून?

सरांनीही तेच विचारलं. “हा मधेच कुठून घुसला?” विचारताना बघत होते माझ्याकडे.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली. खोकत घरी यायची. मी घुसले नव्हते. अभ्यास करून आले होते.

सर उशिरा आले, त्यांचं एक वेळ सोडा. पण समोरच्यांनी नियम वहीत उतरवून घेतला होता. माझी मैत्रीण मघाशी मान डोलावत होती, तीही हसत होती. उत्तर बरोबर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. ते उत्तराला हसतच नव्हते. हे कळलं आणि अंगाची लाही लाही झाली.

डस्टर हातात होतं. शाळेपासूनची सवय, पुस म्हटलं की पुसायचं. हात फळ्याकडे गेलाही.

मी डस्टर टेबलावर ठेवलं. कॉलेजात मी कधी घरची बोली बोलले नव्हते. ती आपसूक तोंडात आली.

“पुसणार न्हाय, सर. आधी तपासा.”

सरांनी कप ठेवला. ओळ न् ओळ वाचली. चूक सापडेना. “नियम वर लिहायचा असतो,” म्हणाले. तो वरच लिहिलेला होता. मी बोट दाखवलं. त्यांचा चेहरा कठीण झाला.

“प्रोजेक्टसाठी दुसरे सर शोध. उद्धट मुली मला नकोत.”

बाहेर मैत्रीण म्हणाली, “पुसलं असतंस तर काय बिघडलं असतं गं? जा, माफी माग.”

“तू का हसलीस?” मी विचारलं.

दुसरे सर अजून मिळालेले नाहीत. सगळे एकमेकांना धरून आहेत. वर्ष वाया जाईल याची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण माफी मी मागितलेली नाही, मागणारही नाही. सेमिनारची माझी पाळी पुन्हा येणार आहे. त्याच फळ्यावर मी मांडणार: सव्वीस गुणिले सव्वीस, तीनशे चोवीस. अठराचा वर्ग. ज्यांना हसायचंय त्यांनी हसावं. फळा मी पुसणार नाही.