बावीस जणांचा एकसारखा उशीर

"कॉयर काढून टाक. कीबोर्डवरचा लाव," रॉयस्टन म्हणाला. मी हेडफोन काढला नाही. कानावर हेडफोन असला की लोक लगेच उत्तर मागत नाहीत.

रॉयस्टन पापडी गावचा, बँडचा ड्रमर. त्यांच्या पहिल्या अल्बमचं मिक्सिंग माझ्याकडे होतं. मिक्सिंग म्हणजे वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि आवाज एकत्र बसवणं. संगीत सिम्फॉनिक मेटल: खाली धडाडणारे ड्रम्स आणि गिटार, वर व्हायोलिन, चेलो आणि कॉयरचं समूहगान. आठ गाणी, सगळी त्यांच्या वाडीतल्या विहिरींवर, गोडं पाणी खारट होत जाण्यावर. कॉयरच्या ओळी रॉयस्टनने घरच्या बोलीत लिहिल्या होत्या. पहिल्यांदा ऐकताना माझ्या हातावर काटा आला होता. इतक्या मोठ्या आवाजाच्या संगीतात इतकं घरगुती दुःख मी ऐकलं नव्हतं.

कॉयर म्हणजे त्यांच्या चर्चमधली बावीस माणसं. चार महिने रविवारच्या मिस्सा-प्रार्थनेनंतर थांबून त्यांनी सराव केला होता. रेकॉर्डिंगही चर्चमध्येच केलं. अडचण एकच. प्रत्येक ओळ ते उशिरा उचलत होते.

स्टुडिओचे मालक मनोज सर दारात आले. "दोन दिवस एडिट करतेयस. पाच वाजता फायनल ऐकायचं. नाही बसलं तर कीबोर्ड."

मी एकेक ओळ कापून जागेवर ओढत होते. ओळी वेळेवर आल्या, पण मधले श्वास कापले गेले. बावीस माणसं एका यंत्रासारखी वाटू लागली. रॉयस्टनचं चुकत नव्हतं. यापेक्षा कीबोर्ड बरा.

काढण्याआधी मी मूळ रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं आणि उशीर मोजला. पहिली ओळ, पाचवी, एकतिसावी. सगळीकडे तेवढाच. चूक असती तर कमीजास्त झाली असती.

मला फोन करायला आवडत नाही. तरी कॉयर शिकवणाऱ्या जोसेफ सरांना केला.

"सर, तुम्ही प्रत्येक ओळीआधी थांबता का?"

"थांबायला नको? आधीची ओळ वेदीच्या भिंतीवरून परत येऊ दे की. नाहीतर शब्दावर शब्द चढतो."

"पण क्लिक होता ना?" क्लिक म्हणजे ताल धरायला कानात वाजणारी टिकटिक.

"तो माझ्या एकट्याच्या कानात होता, बाय. बाकीचे माझ्या हाताकडे बघतात. आणि माझा हात चर्चचं ऐकतो. तीस वर्षांची सवय आहे."

मी दोन दिवसांचं एडिटिंग पुसलं. मूळ कॉयर अखंड उचलला आणि सगळाच्या सगळा, उशीर होता तेवढा, अलीकडे सरकवला. एकदाच. दहा मिनिटांचं काम.

पाच वाजता सहावं गाणं लावलं. रॉयस्टन मांडीवर ठेका धरून बसला होता. कॉयर आला आणि त्याचा हात थांबला.

"हा कुठला टेक?"

"तोच."

"काहीही! परत गायला बोलावलंस त्यांना?"

"नाही. सगळे सारखेच उशिरा होते. मी फक्त सरकवले."

त्याने पुन्हा लावायला सांगितलं. मग हसला. "एलिझा मावशी ऐकू येतेय. शेवटचं अक्षर ओढते बघ. घरी हाक मारतानाही अशीच ओढते."

"तेवढं कमी करू?"

"हात लावू नकोस."

बावीसही जण अल्बममध्ये राहिले. सहाव्या गाण्यात गिटार थांबतात आणि ते सगळे एकत्र श्वास घेतात, ती जागा मी आजही कामाआधी एकदा ऐकते.

अल्बममध्ये उणिवा आहेत. शेवटचं गाणं लांबलंय. चौथ्यात ड्रम इतका मोठा आहे की सुंदर वाजवलेला चेलो त्याखाली दबतो. हे मला तेव्हाच दिसलं होतं. पण ड्रमर शेजारी बसला होता आणि त्या दिवसापुरतं माझं बोलून झालं होतं.

आता ऐकणारे विचारतात, चौथ्या गाण्यात चेलो आहे का? आहे. तेव्हापासून मी मिक्ससोबत मला खटकलेल्या गोष्टींचा एक कागदही देते. कागदाला कोणी समोर बसलेलं असलं तरी चालतं.