खिळेमावशीचा अबॅकस

माझ्या मावशीला घरात सगळे खिळेमावशी म्हणतात. ती लोकांची घरं सजवून देते, आणि रिकामी भिंत दिसली की तिचा हात पर्समधल्या हातोडीकडे गेलाच म्हणून समजा. जुनं कुलूप, तराजूचं पारडं, शिलाई मशीनचं चाक, तिच्या तावडीतून काही सुटत नाही. "वापरातून गेलेल्या वस्तूंना मी पेन्शन देते," असं ती ऐटीत सांगते. तिच्याकडे बसताना आपल्या डोक्यावर काय टांगलंय, हे आधी बघून घ्यावं लागतं.

तिच्या बैठकीतला मानकरी होता आजोबांचा जुना जपानी अबॅकस. आजोबा, म्हणजे तिचे आणि माझ्या आईचे वडील, कापडाच्या गोदामात कारकून होते. माल आणणाऱ्या बोटीवरच्या एका जपानी हिशेबनिसाने निरोप घेताना त्यांना तो दिला होता. काळपट लाकडाची लांब चौकट, काड्यांवर ओवलेले मणी, मागे शाईने लिहिलेलं कुणाचं तरी नाव, जे आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाही. आजोबांची बोटं त्यावर अशी धावत की कापडाच्या गाठींचे आकडे ओरडून सांगणारा माणूसच मागे पडायचा. निवृत्तीनंतर तो कपाटात गेला आणि तिथून, आजोबांना न विचारताच म्हटलं तरी चालेल, मावशीच्या भिंतीवर. जुन्या वस्तू जमवणारे एक गृहस्थ तो मागायला आले, तेव्हापासून तर तिची मान जास्तच ताठ झाली.

आजोबा एकदा तिच्या सोफ्यावर बसून वर बघत म्हणाले होते, "हा कसला आकडा लावलायस?"

"आकडा नाही बाबा, लाट आहे लाट!"

"असेल," म्हणून त्यांनी चहाचा कप उचलला.

या वर्षी आजोबांना झटका आला. जीभ जड झाली, उजवा हात लुळा पडला. व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "बोटांच्या सवयीचं काहीतरी द्या त्यांना." आईने लगेच मावशीच्या घराची किल्ली घेतली आणि अबॅकस उतरवून आणला. मावशी तेव्हा कुणाच्या तरी भिंती ठोकत होती. ती आली तोवर अबॅकस आजोबांच्या मांडीवर होता आणि आम्ही सगळे पलंगाभोवती.

कितीतरी दिवसांनी आजोबांचे डोळे चमकले होते. त्यांनी उजव्या हाताची तर्जनी मण्यावर ठेवली आणि ढकललं. मणी हलला नाही. पुन्हा ढकललं. "हळूहळू होईल," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदाही तेच झालं, आणि त्यांनी तो हात चादरीखाली सरकवला. तो हात आपलाच आहे याची त्यांना आमच्यासमोर लाज वाटत होती. मला ते बघवेना.

"दमलेत ते. राहू दे आज," मावशी म्हणाली आणि घाईघाईने अबॅकस आपल्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी व्यायामाला साफ नकार दिला. तोंड भिंतीकडे फिरवलं. "मेलाय... हा," एवढंच बोलले. बाई आल्या तशा परत गेल्या.

मावशी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती. "काल तो पिशवीत का घातलास?" मी विचारलं.

"मणी चिकटवलेत गं मी." तिने वर पाहिलं नाही. "उभा टांगला की सगळे घसरून खाली बसायचे. छान दिसेना. म्हणून लाटेसारखे लावले आणि गोंद घातला."

"मग काल का नाही बोललीस?"

"सगळ्यांसमोर जीभच उचलली नाही."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे तुझी झाकली मूठ राहावी म्हणून त्यांनी हातावर पाणी सोडायचं?"

एरवी मला एकाला चार ऐकवणाऱ्या मावशीने नळ सोडला. तोंड धुतलं आणि पिशवी घेऊन आजोबांच्या खोलीत गेली. मी मागोमाग.

"बाबा, तुमच्या हाताचा दोष नाही. मणी मी चिकटवलेत."

आजोबांनी मान वळवली. कसनुसं हसले आणि डाव्या हाताने तिच्या डोक्यावर थोपटलं. "खोटं," ते मायेने म्हणाले. आयुष्यभर जे ते छान करून दाखवणारी लेक आताही तेच करतेय, असंच त्यांना वाटलं. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने अबॅकस त्यांच्यासमोर धरला, मण्यावर स्वतःचं बोट ठेवलं आणि सगळा जोर लावला. नख मोडलं, रक्त आलं. मणी जागचा हलला नाही.

"बघा. माझ्यानेही हलत नाही. काल तुम्ही हात लपवलात ना, तेव्हाही मला माहीत होतं. मी गप्प बसले. लाज वाटली म्हणून."

आजोबा तिच्या नखाकडे बघत राहिले. मग अबॅकसकडे. मग म्हणाले, "काढ... गोंद."

ती तिथेच जमिनीवर बसली. नेलपॉलिश काढायचं औषध, कापूस, सुई. लाकडावरचं पॉलिश निघालं, पांढरे डाग पडले. ते जमवणारे गृहस्थ आता तो फुकट दिला तरी घेणार नाहीत. ऊन खिडकीतून उतरेपर्यंत एक काडी मोकळी झाली.

आजोबांनी चादरीखालून हात काढला आणि बोट मण्यावर टेकवलं. मणी सरकला, आणि अर्ध्यावर थांबला. या वेळी बोटच कमी पडलं होतं. पण त्यांनी हात तिथेच ठेवला, आमच्यासमोर. मावशीने मात्र आपले दोन्ही हात मांडीखाली दडवले होते.