काकूंचा वर केलेला हात

जानेवारीत परेडच्या सरावाची हेलिकॉप्टरं दिल्लीत आमच्या मयूर विहारवरून घरघरत जायला लागली, की मला एका जागी बसवत नाही. “आजी, बाय करो ना!” नातू बाल्कनीतून ओरडतो. माझा हात उठत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी एलटीसी, म्हणजे नोकरीतली प्रवाससवलत, घेऊन आम्ही बोटीने अंदमानला निघालो होतो. भर समुद्रात शेजारच्या केबिनमधल्या काकांना हार्ट अटॅक आला. मदतीला आलेल्या हेलिकॉप्टरने त्यांना स्ट्रेचरसकट वर ओढून घेतलं. काकूंना जागा नव्हती. खारा वारा, डिझेलचा वास, कान फाडणारा आवाज, आणि डेकवर हात उंच करून उभ्या काकू. निरोप देताहेत असं वाटून मीही जोरजोरात हात हलवला.

हेलिकॉप्टर ठिपक्याएवढं झालं तेव्हा त्यांनी हात खाली घेतला. हातात काकांचा चष्मा होता.

“याच्याशिवाय त्यांना माणसं ओळखू येत नाहीत हो,” त्या म्हणाल्या.