घोडेस्वारांना लावलेलं कुंकू

माणसाला छंद असावा, पण कथलाचे बोटभर शिपाई रंगवायचा नसावा. हे मी नांदूरघाटात बसून, पाठीचा काटा ढिला करून घेतल्यावर सांगतोय.

हे खूळ माझ्या धाकट्या भावाचं. पुण्याला नोकरीला गेला आणि तिथं हा खेळ शिकून आला. मेजावर डोंगर, नदी, गाव मांडायचं, दोघांनी आपापली फौज उभी करायची, फासे टाकायचे आणि पट्टीनं मोजून शिपाई पुढं सरकवायचे. मलाही गोडी लागली, खोटं कशाला बोलू? त्यानं मला एक अख्खी फौज पाठवली, दीड-दोनशे शिपाई, सगळे कोऱ्या धातूचे. वर नियम सांगितला, "दादा, रंग न दिलेला एक बी शिपाई मेजावर चालत न्हाई."

त्यानंतर त्यानं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. आई रागाच्या भरात बोलून गेली, "बायकोला घेऊन ह्या दारात येऊ नको." तो आला नाही. ती बोलली नाही, तो बोलला नाही. दोघंही एका खाणीतले दगड! मधल्या मधे माझं भरीत. दर दसऱ्याला मी फोन करायचा, ये बाबा. तो विचारायचा, "फौज झाली का? न्हाई ना? मग पुढच्या वर्षी बघू." म्हणजे हा घरी येत नाही त्याचं खापर माझ्या ब्रशवर. तीन वर्षं हेच ऐकलं.

यंदा मी म्हणलं, बस झालं. आता तुला तोंड लपवायला जागाच ठेवत नाही, बे!

पितृपंधरवड्यापासून बसलो. एकेक शिपाई नटवत बसलो तर म्हातारा होईन, म्हणून सगळे लाकडी पट्ट्यांवर ओळीनं चिकटवले. आधी सगळ्यांचे जोडे, मग सगळ्यांच्या विजारी, मग डगले. अंगणात बसावं तर धूळ चिकटते, आत बसावं तर लाईट जाते. तलवारींसाठी चंदेरी रंग आणायला केजला गेलतो, तर दुकानदार विचारतो, "गेटला मारायचा का ट्रॉलीला?" म्हणलं, "माणसांना." त्यानं मला नीट न्याहाळून डबा दिला. शेवटी पातळ केलेलं तपकिरी व्हार्निश सगळ्यांवर फिरवायचं, म्हणजे ते खोबणीत उतरतं आणि घड्या, चेहरे उठून दिसतात. झटपट रंगवायची हीच युक्ती. पण डोळ्यांना युक्ती नाही. ते टिंब टिंब देऊनच काढावे लागतात. माझे स्वतःचे डोळे गळायला आले होते.

खंडेनवमीच्या सकाळी व्हार्निश लावून पट्ट्या ओसरीत वाळत ठेवल्या. दहा-बारा घोडेस्वार तेवढे कोरे राहिले होते आणि नेमकी बारक्या ब्रशाची केसं झडली. मोटारसायकल पूजेसाठी धुऊन ठेवली होती, म्हणून शिव्या घालत जीप धरली, केजला गेलो. सणामुळं दुकान बंद! तसाच हात हलवत परत आलो.

येऊन बघतो तर काय. ओसरीत विळे, कोयते, कुऱ्हाड, माझी मोटारसायकल, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि त्यांच्याच शेजारी माझी फौज. एकेकाच्या कपाळाला हळद, त्यावर कुंकू. ओल्या व्हार्निशवर! पुसावं तर खालचा रंग निघून येणार.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई, हे काहून केलं गं? माझे डोळे फुटायची वेळ आलती, आन् तू कुंकू लावलंस!"

"हत्यारं हायत त्यांच्या हातात. आज हत्याराला लावतेतच की."

"खेळणी हायत ती!"

"असू दे," ती म्हणाली. "ह्यांच्यापायीच येणार हाय ना तो? मग मान नको का त्यांचा?"

मी कपाळाला हात लावून पायरीवर बसलो. रंगही गेला आणि रागावायची सोयही गेली.

संध्याकाळी भावाचा फोन आला, तोंड दाखवणारा. "आधी फौज दाखव, मग निघायचं बघतो." मी ओळींवरून फोन फिरवला. इतकी मेहनत, पण लेकाची नजर गेली कुठं? थेट मागच्या ओळीवर.

"घोडेस्वार कोरेच दिसतेत, दादा."

झालं. सापडलं ह्याला निमित्त. मला रडूच यायला लागलं. यंदाही गेलं सगळं पाण्यात.

"थांब. जवळ धर जरा."

मी जवळ धरला. उघडा राखाडी धातू, ना डोळे ना डगला. फक्त कपाळावर हळद आणि कुंकू. स्वारांच्या आणि घोड्यांच्याही.

"हे कोनी केलं?"

"आईनं."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मग त्यानं हळूच विचारलं, "घोड्यांना बी लावलं?"

आईनं फोनकडं बघितलं नाही. चुलीकडं तोंड करून, पण पुण्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, "घोड्याला सोडून एकट्या स्वाराला लावतेत व्हय?"

तीन वर्षांत ती त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

फोन कट झाला असं वाटून मी तो हलवून बघितला.

"दादा, उद्या केजवरून शेवटची जीप कधी हाय? आमी दोघं येतोत म्हनाव आईला."

मी आत वळलो. आईनं पुरणाच्या डाळीचा डबा पुन्हा उघडला होता आणि ती आणखी दोन मुठी काढत होती. माझ्या एकाही शिपायाच्या डोळ्यांबद्दल मात्र तो लेकाचा एक अक्षर बोलला नाही.