टँकर आणणारी प्रार्थना

सुईणीचं काम शिकायला मी औरंगाबादेतल्या एका मिशन दवाखान्यात होते, तेव्हा सलग दुसरा दुष्काळ चालू होता. रोज सकाळी बाळंतिणींच्या वॉर्डात शिकाऊ मुलींपैकी एकीनं प्रार्थना म्हणायची, असा तिथला रिवाज. माझ्या पहिल्याच पाळीला मी "प्रभू, आम्हांला पाणी दे" म्हणाले आणि फाटकावर टँकरचा हॉर्न वाजला. बाया माझ्याकडे बघतच राहिल्या.

हा योगायोग आहे, एवढं म्हणायला काय लागत होतं? मी म्हणाले नाही. दवाखान्यात आल्यापासून मी नुसती बोलणी खाल्ली होती, आणि पहिल्यांदाच कुणी कौतुकानं बघत होतं. खोटं बोलू नये हे रविवारशाळेत पाठ केलेलं, पण गप्प बसू नये असं कुणी पाठ करून घेतलं नव्हतं.

तेव्हापासून प्रार्थना माझ्याच गळ्यात पडली. मग मी युक्ती काढली. चादरी वाळल्या का बघायच्या निमित्तानं गच्चीवर जायचं; तिथून पैठण रस्ता दिसे. चितेगावच्या बाजूनं टँकर येताना दिसला की धावत खाली येऊन हात जोडायचे. तो फाटकाशी पोचायला दहाएक मिनिटं लागत. वाटेत अडकला तर प्रार्थना ताणावी लागे. आधी आजारी माणसं, मग प्रवासातली माणसं, मग महापालिकेचे सगळे नगरसेवक. हॉर्न वाजला की आमेन, आणि आमेन ऐकलं की पेशंटसोबतच्या बाया बादल्या घेऊन पळत. मेट्रनबाई एकदा म्हणाल्या, "तुझी भक्ती वाढतेय, अभ्यास कधी वाढणार?"

माझ्या भक्तीच्या आड आला तो बिल्डर. समोरच्या प्लॉटवर इमारत उठत होती. पाटीवर लिहिलेलं, 'चोवीस तास पाणी'. स्लॅब पडेल तसा रस्ता कमी दिसू लागला. चौथा स्लॅब पडला आणि रस्ता दिसेनासाच झाला.

नेमका तेव्हा दोन दिवस टँकर आला नव्हता. अजिंठ्याकडची एक मेंढपाळ आजी सुनेला घेऊन आठवडाभर वॉर्डात होती. सूनबाई पहाटेपासून प्रसूतिगृहात कळा देत होती. गच्चीवर बराच वेळ ताटकळून मी प्रार्थनेला तशीच खाली आले.

"लई उशीर केलास पोरी," आजी म्हणाली. "कर आता."

मी हात जोडले. आजारी झाले, प्रवासी झाले, नगरसेवक दोनदा झाले. हॉर्न काही वाजेना. तेवढ्यात आतून सिस्टरनी हाक मारली आणि आमेन न म्हणताच मी पळाले. सुटले बाई, असंच वाटलं.

बाळ आलं ते निळसर आणि गप्प. सिस्टर आईचा रक्तस्राव थांबवत होत्या. "शिकवलंय तसं कर," एवढं म्हणून त्यांनी बाळ माझ्याकडे दिलं.

दारातून आजी ओरडली, "अगं, हात जोड की! टँकर आणतीस, माझं लेकरू आण!"

हात मोकळे कुठे होते? आणि मोकळे असते तरी मागायचं तोंड उरलं नव्हतं. इतकी भीती आणि इतकी लाज मला एकदम कधी वाटली नव्हती. मी बाळाला पुसलं, तोंड साफ केलं, पाठ चोळत राहिले. "रड रे बाळा, रड," याखेरीज शब्द सुचेना. पुन्हा पाठ चोळली. पुन्हा. आणि ते रडलं.

संध्याकाळी मी आजीजवळ बसून सगळं सांगून टाकलं. गच्ची, रस्ता, दहा मिनिटं. नातवाला पदराखाली घेऊन ती ऐकत होती.

"ठावं हाय मला. मीबी आले व्हते तुझ्यामागं जिना चढून. मेंढरं राखणारी बाई मी. ढग बघितल्याबिगर पाऊस येतो म्हणत नाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बायांना तेवढाच धीर येत व्हता. पर आज काय बघून आली व्हतीस?"

"काहीच दिसलं नाही, आजी."

"व्हय. अन् शेवटचं म्हणायचं राह्यलं तुझं."

तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, माझ्यासारखेच हात जोडले, डोळे गच्च मिटले आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "आमेन."

ते ऐकून वॉर्डातल्या सगळ्या बाया बादल्या घेऊन फाटकाकडे पळाल्या.